आटलेल्या तळ्यात कासव असतं: गावची तळी सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील ग्रामपंचायती, कोमुनिदाद (गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्था), देवस्थान समित्या आणि तळ्यांची कामं घेणारे कंत्राटदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. घरामागे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, आणि कुळागराच्या खालच्या अंगाला गावचं तळं. गेल्या एप्रिलमध्ये ह्या तळ्याचा गाळ उपसायचं काम निघालं. काम गरजेचं होतं, हे आधीच सांगते. कित्येक वर्षांत तळ्याला कोणी हात लावला नव्हता. पावसाळ्यात पाणी बांधावरून वाहून जायचं आणि फेब्रुवारी सरता सरता तळ उघडा पडायचा. गाळ काढा म्हणून ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांत मीही होते.

पहिल्याच दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी तिथे गेले. जेसीबी तळ्याच्या मधोमध उतरला होता. बकेटमधला गाळ टिप्परमध्ये पडत होता आणि त्या गाळाबरोबर ताटलीएवढं काहीतरी घरंगळत खाली आलं. मला वाटलं दगड असेल. जवळ गेले तर कासव. पाठ मधोमध चिरलेली. त्याच्याच बाजूला आणखी एक अर्धं रुतलेलं होतं, ते मात्र जिवंत होतं. मी हात करताच मशीनवरच्या मुलाने लगेच मशीन बंद केलं. तो म्हणाला, "बाई, सकाळपासून सात-आठ निघाली. दिसली ती बाजूला ठेवली. काही टिप्परमधून गेली असतील, ती मला कळलीच नसतील." बांधावर एका गोणपाटात तीन कासवं बांधून ठेवली होती, कोणाच्या तरी रात्रीच्या जेवणासाठी. देखरेखीला असलेल्या गृहस्थांना मी विचारलं, तेव्हा ते जे म्हणाले ते अजून माझ्या मनातून जात नाही. "कासव म्हणजे पाण्यातला जीव. तळं आटलंय. मग इथे कासव असेल, हे कोणाच्या डोक्यात येणार?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. कामाच्या कागदात किती घनमीटर गाळ, किती मीटर भिंत, सगळं लिहिलेलं होतं. कासवाचा शब्द कुठेही नव्हता. म्हणून आपणा सर्वांना हे लिहिते आहे: आटलेलं तळं रिकामं नसतं. ज्या महिन्यांत आपण तिथे मशीन उतरवतो, त्याच महिन्यांत कासव त्या गाळात असतं आणि त्याची अंडी काठच्या मातीत असतात.

ते जिवंत कासव मी दोन्ही हातांनी उचललं. वीतभराहून थोडं लांब होतं. अंगावरचा चिखल निघाला तशी पाठ दिसली. हिरवट तपकिरी, गुळगुळीत. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात कासवाच्या पाठीवर चौकटी असतात, तशा ह्याला नव्हत्या. आत हाडाचं कवच आणि वरून चामडीचं आवरण. माझा हात लागताच त्याने डोकं आत घेतलं आणि कवचाची पुढची बाजू मिटून घेतली. उलटं करून पाहिलं तर पोटाच्या मागच्या भागाला चामडीच्या दोन अर्धगोल झडपा होत्या. मागचे पाय आत गेले आणि त्या झडपा दार ओढून घ्यावं तशा हळूच लागल्या. मी त्याला मांडीवर घेऊन बांधावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने आधी नाक बाहेर आलं, पुढे काढलेलं, नळीसारखं, टोकाला दोन बारीक भोकं. मग डोळे. मग एवढ्याशा कवचात कशी मावली असेल असं वाटावं अशी लांब मान.

ह्या झडपांवरूनच त्याचं इंग्रजी नाव फ्लॅपशेल असं पडलं. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. आपल्याकडे त्याला वेगळं नाव नाही, आपण नुसतं कासव म्हणतो. ह्या जातीची उत्तर भारतातली कासवं पाठीवर पिवळे ठिपके मिरवतात, आपल्याकडची बिनठिपक्यांची. ह्या आपल्या पोटजातीला विटाटा म्हणतात, म्हणजे पट्टेवाली. बर्लिनचे प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८५४ साली तिचं वर्णन केलं आणि ज्या नमुन्यांवरून केलं ते गोव्याचे होते. विज्ञानाच्या दप्तरात ह्या कासवाचं मूळ गाव गोवा असं लिहिलेलं आहे. मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं आणि मला हे निवृत्त झाल्यावर कळलं, ह्याचं मला खरोखर वाईट वाटतं. वर्गात सांगता आलं असतं.

कासव तसं लहानच. मोठ्यात मोठी मादी फूटभर किंवा त्याहून किंचित जास्त भरते, नर तिच्याहून लहान. वाहत्या नदीपेक्षा त्याला संथ पाणी आवडतं: तळी, शेतांतले पाट, पाणथळ जागा, पावसाळ्यातली भातशेतं. तळाशी चिखल हवाच, कारण घाबरलं की ते त्यातच घुसतं. खाण्याच्या बाबतीत कसलाही सोवळेपणा नाही. बेडूक, लहान मासे, झिंगे, गोगलगायी, किडे, पाणवनस्पती, आणि मेलेलं, कुजायला लागलेलं काहीही. ज्या तळ्यात गुरं पाणी पितात आणि बायका कपडे धुतात, त्या तळ्याची साफसफाई हे कासव रोज करत असतं.

आता उन्हाळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे.

पाणी ओसरायला लागलं की ह्या कासवापुढे दोन वाटा असतात. जवळपास दुसरं पाणी असेल तर रात्रीच्या गारव्यात चालत तिकडे जायचं. नसेल तर आहे तिथेच गाळात उतरायचं. पुढच्या पायांनी चिखल बाजूला सारत ते खाली जातं आणि तिथे निपचित होतं. खाणं बंद. हालचाल बंद. शरीराचा व्यवहार इतका मंद होतो की पावसाळ्यात अंगावर साठवलेल्या चरबीवर त्याचं भागतं. असं ते चार-चार, पाच-पाच महिने राहू शकतं. वरचा चिखल सुकून भेगाळतो, त्यावर मुलं क्रिकेट खेळतात, आणि खाली हात-दीड हातावर कासव पावसाची वाट पाहत असतं. मिरगाचा पाऊस लागला, चिखल सैल झाला, की ते वर येतं.

ह्या झोपेत असलेल्या कासवाला मशीनची धडधड कळली तरी पळता येत नाही. पाण्यातलं कासव चपळ असतं, धरायला गेलं तर हातातून निसटतं आणि चावतंही. गाळातलं कासव दगडासारखं असतं. म्हणून पावसाळ्यात अख्ख्या गावाला मिळून धरता येणार नाहीत तेवढी कासवं एप्रिलमधल्या दोन दिवसांत एक बकेट मारून टाकते, आणि कोणाला मारायचंही नसतं.

पूर्वीही गाळ काढत होतेच. माझ्या लहानपणी फावड्यांनी आणि घमेल्यांनी काढायचे, तो गाळ कुळागरात माडांच्या, पोफळींच्या मुळाशी घालायचे. चार घरची माणसं, आठवडा-आठवडा काम. फावड्याला काही लागलं की माणूस वाकून बघायचा. कासव निघालं तर काही घरांत ते शिजायचं, हे मी लपवत नाही. मूळव्याधीवर कासवाचं मटण चांगलं, अशी समजूत आमच्याकडे होती आणि अजून काही जणांची आहे. त्या समजुतीला काहीही आधार नाही. पण तेव्हा एक शिजलं तरी बाकीची गाळातच राहायची, कारण एका उन्हाळ्यात सगळं तळं उपसून होत नसे. आता तीन दिवसांत होतं.

आणि अंडी. ही गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. मादी काठावर येते, उन्हाच्या बाजूची भुसभुशीत जागा पाहते, मागच्या पायांनी खड्डा करून त्यात अंडी घालते आणि माती सारखी करून निघून जाते. एका वेळी २ ते १४ अंडी, वर्षातून दोन-तीनदा. अंडं गोल, पांढरं, टणक कवचाचं, मोठ्या गोटीएवढं. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं हे आपण पाहिलेलं असतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळ्याच अंड्यांचं असं असेल. ह्या कासवाच्या अंड्यातला गर्भ वाढायला लागतो न लागतो तोच थांबतो. मरत नाही, थांबतो. थंडीचा गारवा येऊन गेला आणि मग ऊन तापायला लागलं की तो पुन्हा वाढू लागतो. त्यामुळे अंडं घातल्यापासून पिल्लू बाहेर पडेपर्यंत कधी कधी नऊ-दहा महिनेही जातात. ह्या थांबण्याचा हिशेब असा, की पिल्लं बाहेर पडतील तेव्हा पाऊस लागलेला असावा आणि समोर पाणी असावं.

म्हणजे एप्रिल-मेमध्ये काठची माती म्हणजे नुसती माती नव्हे. आमच्या तळ्याच्या उत्तरेचा बांध चिऱ्यांची भिंत घालायला म्हणून उभा कापला, त्या दिवशी कापलेल्या मातीत मी स्वतः अकरा अंडी मोजली. नऊ फुटलेली होती. एका फुटलेल्या अंड्यात पिल्लू दिसत होतं, नखं आलेलं.

लहानपणी मिरगानंतर अशी पिल्लं आमच्या अंगणापर्यंत यायची. सालासकट सुपारी असते ना, साधारण तेवढं पिल्लू. आजी त्याला नारळाच्या करवंटीत घालून तळ्यात नेऊन सोडायची आणि येताना म्हणायची, "घरचं होतं, वाट चुकलं." माझ्या नातवंडांनी असं पिल्लू अजून पाहिलेलं नाही.

आणखी एक कासव आपल्याकडे आहे, त्याचाही उल्लेख करते, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. काळं, टणक पाठीचं, पाठीवर लांबीने तीन उंचवटे असलेलं. त्याच्या शास्त्रीय नावातला ट्रायजुगा हा शब्द ह्या तीन उंचवट्यांवरूनच आला. ते बुजरं असतं, दिवसा पाचोळ्यात किंवा पाण्यात दडून राहतं आणि संध्याकाळनंतर फिरतं. कुळागरातल्या पाटाकाठी, झरीजवळ पावसाळ्यात कधी तरी दिसतं. त्याचीही अंडी काठच्या मातीतच असतात.

आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कूर्म असतो. देवाच्या आधी आपण त्याला हात जोडतो. देवस्थान समितीच्या सदस्यांना मी हात जोडून विनंती करते, की त्या कूर्माच्या जिवंत भावंडांची घरं आपल्या देवळाच्या तळीत आहेत, तिच्याकडेही लक्ष असू द्या. अलीकडे तळीच्या सुशोभीकरणात चारी बाजूंनी सरळ उभी भिंत येते, खालपर्यंत पायऱ्या येतात, काठाला पेव्हर्स बसतात. दिसायला छान दिसतं. पण त्या तळीतलं कासव बाहेर येऊन अंडी घालू शकत नाही, आणि बाहेरून आलेलं आत उतरलं तर पुन्हा वर चढू शकत नाही. तिथे ते वर्षानुवर्षं जगेलही, पण त्याचा वंश तिथेच संपतो.

देवळाच्या तळीबद्दलच आणखी एक. घरातल्या काचेच्या टाकीत पाळलेलं, कानामागे लाल पट्टा असलेलं कासव मोठं झालं, वास यायला लागला, की लोक पुण्य म्हणून ते तळीत सोडतात. ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं कासव आहे. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. ते अन्न आणि उन्हाची जागा दोन्ही बळकावतं आणि सोबत रोग आणतं. तळीवर तसं सोडू नये असा एक फलक समितीने लावला तर फार उपकार होतील.

समुद्री कासवांच्या बाबतीत गोव्याने काय केलं ते मला माहीत आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले ह्या समुद्री कासवाची अंडी राखली जातात, घरट्यांना कुंपण घालतात, पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला माणसं पहाटे उठून जातात. ज्या किनाऱ्यांवर पूर्वी अंडी उकरून विकली जायची, तिथेच गावकरी रात्री राखण करू लागले. हे होऊ शकतं, हे आपण दाखवून दिलं आहे. मग तळ्यातल्या कासवानेच काय केलं? त्याला पाहायला पर्यटक येत नाहीत, एवढंच.

कायद्याच्या दृष्टीने दोघांत फरक नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे झडपांचं कासव पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ आहे त्याच अनुसूचीत. कायद्यात शिकार ह्या शब्दाची व्याख्या आहे, तीत पकडणं येतंच, शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं किंवा घरटी विस्कटणं हेही येतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. हे मी कोणाला धाक घालायला लिहीत नाही. गोणपाटात कासवं बांधणाऱ्या मजुरांना हे ठाऊक नव्हतं. पण काम देणाऱ्यांना ठाऊक असायला हवं, कारण प्रसंग आला तर पकडला जाईल तो मजूर.

गाळ काढू नका असं मी कुठेही म्हणत नाही. गाळ साचून तळं भरून गेलं तर कासवही राहणार नाही. माझं म्हणणं कसा काढायचा एवढ्यापुरतं आहे. सगळं तळं एका उन्हाळ्यात उपसू नका. यंदा अर्धं, अर्धं दोन वर्षांनी, म्हणजे उरलेल्या अर्ध्यात गाळ राहील आणि गाळात कासव राहील. मशीन उतरण्याआधी दोन दिवस गावातली चार जाणती माणसं लावून तळ पालथा घाला. कासव उतरलेल्या जागी चिखल किंचित उपसल्यासारखा दिसतो, मासे धरणाऱ्या माणसाला तो लगेच ओळखता येतो. काढलेला गाळ तसाच टिप्परमध्ये न भरता एक रात्र काठावर पसरून ठेवा. त्यात जे जिवंत असेल त्याला रात्रीच्या गारव्यात बाहेर पडायची संधी मिळेल आणि सकाळी ते उचलता येईल. सापडलेली कासवं समुद्रात नेऊन टाकू नका. काही भली माणसं असं करतात, आणि खाऱ्या पाण्यात ती मरतात. वनखात्याला कळवा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याच परिसरातल्या गोड्या पाण्यात सोडा.

भिंतीबद्दल माझा सगळ्यांत जास्त आग्रह आहे. भिंत घालायचीच तर तीन बाजूंना घाला. चौथी बाजू, शक्यतो जिथे दिवसभर ऊन पडतं ती, मातीच्या उतरणीची राहू द्या. तिथे पेव्हर्स नको, लॉन नको, गवत जाळणं नको. ह्यात खर्च वाढत नाही, उलट एका भिंतीचा वाचतो. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली, गोव्यातलं ते पहिलं. तिथे पाणी साठवतात आणि त्या पाण्यावर भात पिकवतात. पाणी, चिखल, भात, पुन्हा पाणी, ह्या फेऱ्यावर आपल्या पूर्वजांचं पोट भरलं आणि ह्याच फेऱ्यात हे कासव बसतं. सिमेंटने बांधून काढलेल्या हौदात तो फेराच उरत नाही.

कोमुनिदादच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. तळी, मानशी (पाणी अडवायची-सोडायची दारं), बांध हे सगळं तुमच्याच पूर्वजांनी उभं केलं आणि कुठे पाणी कधी सोडायचं ह्याचे नियम त्यांनीच घालून दिले. त्यांत एका नियमाची भर घालणं तुम्हाला जड नाही.

आमच्या तळ्यातून त्या दिवशी पाच कासवं जिवंत हाती लागली, गोणपाटातली तीन धरून. मजुरांनी ती काही न बोलता परत दिली, हे मुद्दाम लिहिते. वनखात्याची माणसं आली, त्यांच्या देखत ती ओढ्याच्या कोंडीत सोडली. माझ्या मांडीवर होतं त्याच्या कवचाच्या उजव्या कडेला जुन्या जखमेची खाच होती. जूनमध्ये, पाऊस लागून चार दिवस झाले होते, संध्याकाळी पाटाच्या कडेने एक कासव तळ्याच्या दिशेने चाललेलं दिसलं. मी वाकून उजवी कड पाहिली. खाच होती. नव्या भिंतीपाशी येऊन ते थांबलं, भिंतीला लागून बराच वेळ इकडून तिकडे चालत राहिलं. शेवटी मीच त्याला उचलून पलीकडे ठेवलं.

पूर्वेकडची बाजू अजून मातीची आहे. तिचं काम ह्या एप्रिलमध्ये निघणार असं ऐकते. आमच्या पंचायतीला माझी विनंती आहे, की काम सुरू होण्याआधी आठ दिवस मला निरोप द्या. शाळेतली मोठी मुलं आणि तळ्यात मासे धरणारे दोन गृहस्थ माझ्याबरोबर यायला तयार आहेत. तळ आम्ही पालथा घालू, मजुरी नको. आणि पूर्वेची भिंत आराखड्यातून काढता आली तर त्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडायलाही मी येईन.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका